शब्दाची साक्ष

वाचकहो, एखाद्या लेखकाची भाषा कशी आहे, असा प्रश्न आला की आपल्याकडे उत्तर तयार असते. ओघवती, प्रासादिक, रसाळ, ओजस्वी, घरगुती. ही विशेषणे पाहुण्यांसाठी फळीवर ठेवलेल्या कपबश्यांसारखी असतात. कोणीही आला तरी त्याच खाली उतरवायच्या आणि तो गेला की धुऊन पुन्हा वर ठेवायच्या. ज्ञानेश्वरांची भाषा रसाळ, तुकोबांची भाषा रोखठोक, अमक्या कादंबरीकाराची ओघवती. ऐकणारा मान डोलावतो, सांगणाराही समाधान पावतो, आणि लेखकाच्या एकाही शब्दाला कोणी हात लावलेला नसतो.

शाळेत मुलांना रसग्रहण लिहावे लागते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे त्याचे भाग असतात. पहिल्या दोन भागांत मूल कसेबसे तरून जाते. तिसऱ्यात मात्र ते कपबश्या काढते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण मोठ्या माणसांनी लिहिलेल्या प्रस्तावनांतही पुष्कळदा तेच असते. अशा परिच्छेदाची परीक्षा अगदी सोपी आहे. त्यातले लेखकाचे नाव खोडा आणि दुसऱ्या कोणाचे तरी नाव घाला. परिच्छेद तसाच उभा राहिला, तर तो पहिल्या लेखकाविषयी नव्हताच असे समजावे.

तुम्ही म्हणाल, भाषेची अशी बारीक चिकित्सा हे विलायती खूळ आहे, कॉलेजातल्या इंग्रजीच्या तासाला शिकलेले. तसे नाही. शब्द जपावा, शब्द ताडून पाहावा, शब्द मोजावा आणि मगच बोलावे, ही शिस्त आपल्या घरची आहे. तिचा इतिहास पाहायचा तर फार लांब जायलाही नको. २०२४ मध्ये ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या अहमदनगर जिल्ह्याच्या गोदावरी आणि प्रवरा या दोन नद्यांच्या काठाने चालत गेले, तरी या इतिहासाचे मुख्य टप्पे सापडतात. त्याच वाटेने आपण थोडे चालू या.

पहिला मुक्काम गोदाकाठच्या सराळ्याला. इथला म्हाइंभट हा तेराव्या शतकातला विद्वान ब्राह्मण. श्रीचक्रधरस्वामींशी त्याची गाठ पडली आणि त्याचे आयुष्य पालटले. स्वामींचा मुक्काम ज्या डोमेग्रामाला असे ते आजचे कमालपूरही याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात आहे. स्वामी निघून गेल्यावर नागदेवाचार्यांच्या सहवासात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर येथे, म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी जमवायला घेतल्या. स्वामी कोठे बसले, कोणाशी बोलले, काय बोलले, हे ज्याने ऐकले त्याच्याकडे जाऊन विचारायचे, नागदेवाचार्यांपुढे ठेवायचे, आणि मग लिहायचे. सुमारे १२७८ साली अशा रीतीने लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ तो हाच.

आता यात आपल्या विषयाचे काय आले? पाहा. म्हाइंभटाला स्वामींचा नुसता उपदेश सांगायचा असता तर त्याने तो आपल्या शब्दांत गोळा करून लिहिला असता. पण महानुभावांच्या लेखी स्वामींनी उच्चारलेला शब्द हाच मोलाचा होता. म्हणून प्रसंग कोणत्या गावी घडला, तेव्हा कोण हजर होते, हे लिहिले गेले. आणि एखादे वाक्य दोघांनी दोन तऱ्हांनी ऐकलेले असेल, तर अमक्याच्या मते असे आणि तमक्याच्या मते तसे, अशी नोंदही ठेवली गेली. पुढे केसोबासांनी स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ लावला, त्या सूत्रांवर भाष्ये झाली, आणि याच पंथातल्या भीष्माचार्यांच्या पंचवार्तिकाकडे मराठी व्याकरणाचा सर्वांत जुना प्रयत्न म्हणून बोट दाखवले जाते. एका माणसाच्या बोलण्यावर इतकी माणसे इतकी वर्षे शब्दाशब्दाने विचार करीत बसली होती.

आणि ते बोलणे होते साध्या मराठीतले. केशिराजासारख्या पंडिताला संस्कृतात लिहिण्याची हौस होती. तसे करू नका, त्याने माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, अशा अर्थाचे नागदेवाचार्यांनी त्याला सांगितल्याची आठवण स्मृतिस्थळात आहे. म्हणजे जी भाषा म्हाताऱ्यांना कळते तीच बारकाईने अभ्यासण्याजोगी, असे या मंडळींनी ठरवून टाकले. हे ठरवणे लहानसहान नव्हते. लोकांची समजूत आजही अशी असते की कठीण भाषेलाच विश्लेषण लागते, सोप्या भाषेत पाहायचे काय! महानुभावांनी नेमके उलट धरले.

या पोथ्या पुढे सांकेतिक लिपींत बंद झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या अभ्यासकांना त्या लिपीचा उलगडा झाला, तेव्हा कोठे बाहेरच्या जगाला हे गद्य दिसले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. साक्षीदारांची नावे जपून ठेवल्याचा उपयोग इतक्या शतकांनी झाला. कोणता पाठ कोणाकडून आला, हे संपादकाला त्यामुळेच विचारता आले.

दुसरा मुक्काम प्रवरेच्या काठी नेवाशाला. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका इथे सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. गीतेचे श्लोक सातशे आणि ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार, हेही तुम्ही ऐकले असेल. पण हा आकडा नुसता कौतुकाने सांगून सोडून देऊ नका. एका श्लोकामागे सरासरी बारा-तेरा ओव्या पडतात. मग उरलेल्या जागेत ज्ञानदेव काय करतात, हा प्रश्न विचारला की भाषेच्या अभ्यासाला सुरुवात होते. आकडा हे उत्तर नव्हे. त्याने फक्त कुठे पाहायचे ते कळते.

पाहायचे म्हणजे कोणत्या पोथीत पाहायचे? हाताने लिहिलेली पोथी हातोहात बदलते. एक लेखक एक शब्द चुकतो, दुसरा न कळलेला जुना शब्द काढून ओळखीचा घालतो, तिसऱ्याला भक्तीचा उमाळा येतो आणि तो स्वतःचीच एक ओवी मध्ये बसवतो. म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. ग्रंथ मुळात शुद्ध असून पाठांतरांनी बिघडला, म्हणून आपण तो शोधला, असे त्यांनी सांगून ठेवले. आणि जो कोणी यात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, अशी सक्त ताकीदही दिली. नाथ स्वतः थोर कवी होते, त्यांना ओवी साधत नव्हती असे नाही. तरी दुसऱ्याच्या ग्रंथात त्यांनी स्वतःला मागे ठेवले. लेखकाच्या भाषेवर लिहिणाराला यापेक्षा चांगला धडा कोणता? त्याचा शब्द त्याचाच राहू द्यावा. आपले सुचलेले त्याच्या तोंडी घालू नये.

याच नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकळियांनी उत्खनन केले. थरामागून थर काढीत ते मध्ययुगापासून सातवाहनांच्या काळात, तिथून ताम्रपाषाणयुगात आणि थेट अश्मयुगातल्या हत्यारांपर्यंत पोचले. उत्खननाचा एक नियम तुम्हांला माहीत असेल. मातीच्या भांड्याचा तुकडा कोणत्या थरात, किती खोलीवर मिळाला, याची नोंद नसेल तर तो तुकडा कितीही सुंदर असला तरी त्याची साक्ष लंगडी पडते. शब्दाचेही तसेच आहे. तो कोठे आला, त्याच्या आधी काय होते, मागाहून काय आले आणि तो कोणत्या काळच्या मराठीतला आहे, हे सोडून नुसता वेचलेला शब्द हा वाळूत पडलेल्या खापरासारखा असतो.

आता आपण प्रत्यक्ष एक परिच्छेद लिहून पाहू. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात सद्बुद्धीला दिव्याच्या ज्योतीचा दृष्टान्त दिला आहे. ज्योत लहान असली तरी तिचा प्रकाश मोठा असतो, तशी ही बुद्धी थोडी म्हणून तिला कमी लेखू नये, असा त्याचा भाव. यावर आपला नेहमीचा परिच्छेद कसा होईल? असा: “ज्ञानेश्वरांनी येथे अतिशय समर्पक दृष्टान्त योजला आहे. त्यांची भाषा रसाळ व चित्रमय असून वाचकाच्या मनाचा ठाव घेते.” नाव बदलून पाहा. एकनाथ घाला, मुक्तेश्वर घाला. चालते की नाही? मग तो फाडून टाका.

दुसरा लिहू. “श्लोकात निश्चयी बुद्धी एक असते आणि अनिश्चयी माणसाच्या बुद्धीला अनेक फाटे असतात, असा विरोध आहे, एक आणि अनेक यांचा. ज्ञानदेव तिथे लहान आणि मोठे हा दुसराच विरोध आणतात. मागच्याच श्लोकात ‘स्वल्प’ हा शब्द आला आहे. तो धागा त्यांनी हातातून सोडलेला नाही. ज्योतीसाठी ते ‘दीपकळिका’ हा भारदस्त समास वापरतात, पण त्याला लागूनच ‘धाकुटी’ हा बोलीतला शब्द ठेवतात, आणि थोडे पुढे ‘थेकुटी’ म्हणून तोच लहानपणा यमकात दुसऱ्यांदा ऐकवतात. लहान हा अर्थ असा दोनदा साध्या शब्दांनी येतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये ‘तेज’ हा शब्द येतो. त्यामुळे आपले समजणे थोडे आहे म्हणून संकोचणाऱ्या श्रोत्याला सिद्धान्ताऐवजी धीर मिळतो.”

हा परिच्छेद फार मोठा आहे असे मी म्हणत नाही. पण त्याचे नाव बदलून पाहा. नाही चालत. कारण त्यात शब्द आहेत, त्यांची जागा आहे, मूळ श्लोकाशी केलेली तुलना आहे, आणि या निवडीने ऐकणाऱ्यावर काय घडते तेही सांगितले आहे. तो कोणाला पटला नाही, तर पोथी उघडून तो वादही घालू शकेल. साक्षीचा हाच फायदा. रसाळ म्हटल्यावर वाद कसला घालणार?

हे लिहिताना तीन ठिकाणी मोह होतो, तेही सांगितले पाहिजे. पहिला मोह ‘कळिका’ या शब्दाचा. कळिका म्हणजे कळी. ज्योतीला कळी म्हणणे किती सुंदर, केवढी ही ज्ञानदेवांची प्रतिभा, असे लिहावेसे वाटते. पण दीपकलिका हा शब्द संस्कृतात आधीपासून रूढ आहे. ती कल्पना ज्ञानदेवांच्या खात्यावर जमा करता येत नाही. त्यांचे आहे ते त्या शब्दाशेजारी ‘धाकुटी’ला बसवणे. दुसरा मोह ‘धाकुटी’चा. आज आपण धाकटी म्हणतो ती धाकट्या बहिणीला, धाकट्या सुनेला. म्हणून ज्ञानदेवांनी ज्योतीला घरातली धाकटी लेक मानले, असे लिहायला हात शिवशिवतो. पण जुन्या मराठीत तो शब्द नुसता ‘लहान’ एवढ्याच अर्थी मोकळेपणाने चालतो. आजचा अर्थ तेराव्या शतकाच्या शब्दावर चढवणे म्हणजे वरच्या थरातले खापर खालच्या थरात टाकणेच.

तिसरा मोह सर्वांत गोड. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे, तो पैस खांब नेवाशाला आजही उभा आहे. त्यावरचा संस्कृत लेख अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. झाले! पाठीशी दिव्याच्या तेलाचा लेख आणि ओठी दिव्याचा दृष्टान्त. व्याख्यानात हे जोडून सांगितले तर टाळ्या पडतील. पण दिव्याचा दृष्टान्त आपल्या वाङ्मयात कोठे नाही? तो सुचायला खांबाची गरज नव्हती, आणि खांबावरून सुचला याला ग्रंथात काही आधार नाही. दोन गोष्टी शेजारी आहेत, एवढ्याने एक दुसरीचे कारण ठरत नाही. योगायोग म्हणून मनात ठेवावा, पुरावा म्हणून कागदावर आणू नये.

जुन्या शब्दाचा जुना अर्थ आणि जुने रूप ठरवायचे कसे? या प्रश्नाशी झुंजले ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. १९०९ साली त्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून ज्ञानेश्वरीची एक पोथी छापली आणि तिच्याच आधारे ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे व्याकरण लिहिले. ती पोथी खरोखर किती जुनी यावर पंडितांचा वाद झाला, आणि तो व्हावा हेही योग्यच. पण एका कवीची भाषा विशेषणांनी न वर्णिता तिच्या विभक्ती, तिची क्रियापदे, तिचे प्रत्यय एकेक करून मांडायचे, हे काम मराठीत इतक्या आस्थेने आधी झाले नव्हते.

राजवाड्यांनी आणखी एक गमतीचा खटाटोप केला. जुन्या पत्रांत फारसी शब्द किती आणि मराठी किती, हे त्यांनी चक्क मोजले. १६२८ सालच्या पत्रात फारसी शब्द २०२ आणि मराठी ३४. म्हणजे मराठी शेकडा १४ च्या आसपास. तेव्हा नगरची निजामशाही अजून पुरती बुडाली नव्हती. १६७७ सालच्या पत्रात फारसी ५१ आणि मराठी ८४; हा शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतरचा, राज्यव्यवहारकोश तयार होत होता तो काळ. आणि १७२८ सालच्या पत्रात फारसी अवघे ८, मराठी ११९, म्हणजे शेकडा ९३ च्या वर. शंभर वर्षांत दरबारी भाषेचा नूर कसा पालटला, हे या तीन ओळींच्या कोष्टकाइतके स्वच्छ दहा पाने लिहूनही सांगता आले नसते.

पण इथेही थांबून विचार करायला हवा. तीन पत्रे म्हणजे सारी मराठी नव्हे. पत्र कोणी लिहिले, कोणाला लिहिले, कोणत्या कामासाठी लिहिले, यावर शब्द बदलतात. सरकारी कामाच्या पत्रातली भाषा आणि त्याच कारकुनाची घरातली भाषा एक असेल काय? शिवाय, शब्द मुळात फारसी असला म्हणून तो लिहिणाऱ्याला परका वाटत होता असेही नाही. ‘जमीन’, ‘बाजार’, ‘हवा’ हे शब्द बाहेरून आले म्हणून नगरच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईच्या तोंडी ते परके होतात की काय? मोजदादीने शब्द कोठून आला ते कळते. बोलणाऱ्याने त्याचे काय केले ते कळत नाही. त्यासाठी पुन्हा वाक्याकडेच जावे लागते. मोजणी हवीच, पण मोजून झाल्यावर वाचायचे राहतेच.

तिसरा मुक्काम खुद्द नगर आणि राहुरीचा. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरला ठाणे दिले आणि १८४२ साली ज्ञानोदय हे पत्र तिथूनच सुरू झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरच्या याच मिशनच्या कामात गढून गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्यांच्याकडे आल्या आणि १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. लिहायला वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर घरीच. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या वर्षांत चार भागांत निघाली आणि १९३६ मध्येच लक्ष्मीबाई वारल्या.

या पुस्तकाच्या भाषेला सगळे काय म्हणतात? साधी, घरगुती, निर्मळ. म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या विशेषणांत एक नकळत केलेला अन्यायही दडलेला आहे. बाई शिकलेली नव्हती, मनात आले तसे लिहून गेली, आणि ते छान उतरले, असा त्याचा मथितार्थ होतो. जणू झाडाला फूल आले, त्यात झाडाचे कसले कर्तृत्व! पंडिताने सोपे लिहिले तर आपण त्याला शैली म्हणतो. बाईने सोपे लिहिले तर तो स्वभाव ठरतो.

आता एकच शब्द घेऊन पाहू. लक्ष्मीबाई आपल्या नवऱ्याला पुस्तकभर काय म्हणतात? ‘टिळक’. नुसते आडनाव. ज्या काळात बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, ‘हे’, ‘तिकडून’, ‘स्वारी’ अशा आडवळणांनी बोलत, त्या काळात वाढलेल्या बाईने हा शब्द निवडला आहे. याच्या शेजारी रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० साली निघालेले पुस्तक ठेवा. रमाबाई न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. दोघी एका पिढीच्या, दोघींना वाचायला शिकवले ते नवऱ्याने, दोघींचे नवरे नामांकित, आणि दोघींनी पुस्तके लिहिली ती वैधव्यात. फरक त्या एका शब्दात उघडा पडतो.

‘स्वतः’ या शब्दाने रमाबाई जिथे उभ्या आहेत तिथून घरातला कर्ता पुरुष दिसतो. ज्याचे नाव घ्यायची गरज नाही, कारण घरात ‘स्वतः’ म्हणावे असा तो एकच. त्या शब्दात धाक आहे, आदर आहे, आणि बोलणाऱ्या बाईने आपले प्रेम झाकून ठेवल्याची खूणही आहे. ‘टिळक’ हा शब्द मात्र चारचौघांचा आहे. मिशनमधले सहकारी, कवी, संपादक, शेजारी सगळे त्यांना टिळकच म्हणणार. लक्ष्मीबाई तोच शब्द उचलतात आणि वाचकाच्या बाजूला येऊन उभ्या राहतात. तिथून टिळकांचा मोठेपणाही दिसतो आणि त्यांचा तऱ्हेवाईकपणाही. खिशातले सारे देऊन टाकणारा, न सांगता घरातून निघून जाणारा हा माणूस ‘स्वारी’ असता तर त्याच्यावर हसणे बेअदबीचे झाले असते. तो ‘टिळक’ आहे म्हणून त्याच्यावर हसता येते, रागावता येते, आणि तरी ‘टिळक’ या शब्दाबरोबर येणारे आदरार्थी क्रियापद सुटत नाही. टिळक आले, टिळक म्हणाले. पुस्तकातला विनोद आणि माया या एका निवडीवर उभी आहे. ज्या बाईने इतकी अवघड जागा शोधून काढली, तिने मनात आले तसे लिहिले, असे आता कोण म्हणेल?

एवढ्यावरून रमाबाई दबलेल्या आणि लक्ष्मीबाई मोकळ्या, असा निकाल मात्र देऊ नका. एका शब्दावर माणसाचे आयुष्य तोलता येत नाही. ‘स्वतः’ म्हणणाऱ्या रमाबाईंनी सेवासदन उभारले, हे विसरून कसे चालेल? शब्द पुस्तकातल्या उभे राहण्याच्या जागेविषयी सांगतो. तेवढेच त्याच्याकडून घ्यावे. साक्षीदाराला त्याने पाहिले तेवढेच विचारावे, असे वकील मंडळी म्हणतात ना, तसेच.

तर वाचकहो, उद्या तुमच्या घरातले मूल रसग्रहण लिहायला बसेल, किंवा तुम्हांला स्वतःला एखाद्या पुस्तकावर चार ओळी लिहायच्या असतील, तेव्हा हे चार प्रश्न जवळ ठेवा. लेखकाने वापरलेला नेमका शब्द कोणता? तो कोठे आला, त्याच्या मागेपुढे काय आहे? त्या जागी दुसरा कोणता शब्द सहज येऊ शकला असता? आणि तो न येता हा आला, त्याने वाचणाऱ्याचे काय झाले? पहिला प्रश्न म्हाइंभटाचा आहे, दुसरा एकनाथांचा आणि सांकळियांचा. तिसऱ्यासाठी राजवाड्यांसारखी भाषेची माहिती लागते. शब्दकोश चाळावा लागतो, जुन्या माणसांना विचारावे लागते. चौथा मात्र तुमचा स्वतःचा आहे. तो कोणत्याही गाईडात मिळत नाही. एका परिच्छेदात एकच गोष्ट सांगा, पण तिच्या खाली शब्दाचा दगड ठेवा. विशेषण लिहायचेच असेल तर सर्वांत शेवटी लिहा. पुष्कळदा तोवर त्याची गरज उरलेली नसते.

मुलाने एकच शब्द धरून तीन वाक्ये लिहिली आणि त्यात कोठेही ‘रसाळ’ आले नाही, तर शिक्षकांनी आणि आईबापांनी गुण कापायची घाई करू नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आपण केला तो रास्तच होता. पण भाषेचा मान तिच्या शब्दांकडे पाहण्यात आहे. म्हाताऱ्या बायांना कळावे म्हणून ज्यांनी मराठी धरली, त्यांनी तिच्या एकेका शब्दासाठी साक्षीदार गोळा केले होते. शब्दकोश आणि छापील पुस्तक हाताशी असताना आपल्याला तेवढेही करावे लागत नाही. पुस्तक उघडायचे आणि शब्दावर बोट ठेवायचे, इतकेच.